सेलूच्या केबलवरचं गावचं चॅनल

केबलवाल्याला कोणी दारात उभं करत नाही, सरळ टीव्हीपर्यंत नेतात. बाजूला कोणाचं भांडण चालू असतं, कोणी पोळ्या लाटत असतं, आणि आपण वायर धरून उभे! सेलूत इतकी वर्षं केबल चालवल्यावर किस्से जमणारच. त्यात दिल्लीहून नवा नियम आला, की नवी भर!

ऑफिसात आम्ही दोघंच, मी आणि आमचे लाइनमन भगतभाऊ. आमची सगळी ऐट एकाच गोष्टीची होती, गावाच्या स्वतःच्या चॅनलची. शाळेचं गॅदरिंग, कबड्डीची फायनल, लग्नाची वरात, सगळं त्यावर लागायचं. नवा नियम आला की मी आधी तेच पाहायचो, आपलं चॅनल राहतं की जातं?

*

पहिला आला सेट-टॉप बॉक्सचा नियम. बॉक्स नाही तर चित्र नाही. भगतभाऊंनी घरोघरी बॉक्स बसवले आणि प्रत्येकाला दम भरला, "सांभाळून ठेवजा, सरकारी नियमाचा डब्बा हाये!"

लगेच एका रिटायर्ड मास्तरांचा फोन आला. म्हणे रिमोट चालत नाही. जाऊन पाहतो तर बॉक्सच गायब! मास्तरांनी लोखंडी कपाटाला मागून भोक पाडून वायर आत नेली होती आणि बॉक्स कुलपात ठेवला होता.

मी म्हटलं, "सर, रिमोटला बॉक्स दिसायला हवा ना."

"रिमोटले दिसला म्हणजे चोरालेबी दिसला!"

*

मग ज्याने त्याने आपापली चॅनलं निवडायची, असा नियम निघाला. एका घरी सासऱ्यांना बातम्या हव्या, सासूबाईंना कीर्तन, नवऱ्याला क्रिकेट. नुसता गलका! मी सुनेला विचारलं, "वहिनी, तुम्हाला कोणतं?"

तिने लाटणं थांबवलं. "भाऊ, लग्नाच्या टायमाले नवरा कोणता पायजे ते कोणी इचारलं नाई, अन् आता चॅनल इचारून राह्यले!"

त्या घरातला रिमोट त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या हातात गेला. मी पाहिलंय!

*

सरकारी चॅनलं मात्र काढता येत नाहीत, ती प्रत्येक केबलवर दाखवावीच लागतात. एक निवृत्त क्लार्क हट्टालाच पेटले, "मी पाहतच नाई, तं काऊन ठेवता?"

"काका, नियम आहे. पाहा किंवा नका पाहू, ते राहणारच."

काका म्हणाले, "म्हणजे आमच्या ऑफिसातल्या मोठ्या सायबासारखं!"

*

शेवटी गदा आमच्या चॅनलवरच आली. स्थानिक चॅनलला वेगळी नोंदणी हवी, आणि सिग्नल तर आता नागपूरहून बंदिस्त येतो, मध्ये आपलं काही घालता येत नाही. दोन माणसांच्या ऑफिसला ते झेपणारं नव्हतं. चॅनल बंद केलं त्या दिवशी मला रडू आलं, खोटं कशाला सांगू!

सगळ्यात जास्त चटका बसला तो वासनिककाकांना. काका गावातले भीमगीतांचे गायक. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. पण दर भीमजयंतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्यांचा जुना कार्यक्रम चॅनलवर लावायचो. सकाळी काका पांढरा सदरा घालून बाजारातून निघायचे आणि लोक दोन्हीकडून ओरडायचे, "काका, काल मस्त गायले!" काका नुसता हात वर करायचे.

यंदा तो कार्यक्रम मी पेनड्राइव्हमध्ये घालून घरी नेऊन दिला. काकू म्हणाल्या, "घरी पाहतीन ते. पण सकाळी कोण म्हणन त्यायले, काल मस्त गायले म्हणून?"

जयंतीच्या सकाळी काका नेहमीसारखे सदरा घालून निघाले. बाजारात कोणी काही बोलेना. बोलणार काय, कोणी काही पाहिलंच नव्हतं! चौकापर्यंत येता येता काकांची मान खाली गेली होती.

भगतभाऊ तेव्हा खांबावर चढले होते. तिथूनच ओरडले, "काका, काल काय गायले हो!"

चहावाल्याने वर भगतभाऊंकडे पाहिलं, मग काकांकडे. त्याच्या घरी तर टीव्हीच नाही!

"हो ना काका," तो म्हणाला, "मी पुरं पाह्यलं! शेवटचं गाणं तं लयच भारी झालं!"

काकांनी हात वर केला.