चिंपी मावशीची नजर

चिंपी मावशी बोलताना कोणाच्याही डोळ्यांत बघत नसे. समोरच्याच्या खांद्यापाशी कुठेतरी बघे, अंग किंचित तिरकं ठेवी आणि हाताला काहीतरी चाळा लावून घेई. सिंगापुरातल्या पुंगोलच्या आमच्या ब्लॉकमधल्या मराठी मंडळींना आधी तो तुसडेपणा वाटला, मग लाजाळूपणा. दोन्ही चूक. ती सवय आफ्रिकेतल्या जंगलातली होती. तिथे ती काही वर्षं चिंपांझींच्या मागे हिंडली होती. "टक लावून बघितलं की एक तर तो पळतो, नाहीतर अंगावर येतो," ती सांगे. "दोन्हींत आपलं काम बुडतं."

नाव माझ्या मुलीने ठेवलं. आधी ती 'मंकी मावशी' म्हणायची. मावशीने हरकत घेतली. "माकड नाही गं. चिंपांझीला शेपूट कुठे असतं?"

"सेम सेम लाह," मुलगी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. तडजोड 'चिंपी'वर झाली. मावशी आमच्या दोन मजले वर भाड्याच्या खोलीत राहायची. विद्यापीठात पोस्टडॉक होती आणि मला वहिनी म्हणायची.

तिला बसायला सांगणं व्यर्थ होतं. चहाचा कप हातात घेऊन ती ओटा ते खिडकी फेऱ्या मारी. जंगलात पहाटेपासून कळपामागे चालायचं. इथे दिवसभर खुर्चीत बसून त्याच कळपाचे व्हिडिओ बघायचे. संध्याकाळी ती वस्तीभोवती फिरणाऱ्या छोट्या रेल्वेत, एलआरटीत चढे, पुढच्या काचेशी उभी राही आणि कुठेही न उतरता पूर्ण फेरी मारून परत येई. "गाडीला ड्रायव्हर नाही, ते बरंय. कोणाला हुंकार द्यायला नको."

खालच्या दर्जाचा चिंपांझी वरच्याला भेटला की धाप लागल्यासारखे हुंकार देतो. कोण कोणाला हुंकार देतो हे टिपत गेलं की कळपाची उतरंड कळते. गणपतीच्या तयारीच्या बैठकीत ती माझ्या कानाशी कुजबुजली, "अध्यक्षांच्या विनोदावर आधी कोण हसतं ते बघा." आधी सजावटवाले हसले, मग प्रसादवाल्या काकू, मग माझा नवरा. "दादा तिसरे," ती म्हणाली. विनोद खरोखरच चांगला होता, असं नवरा अजून म्हणतो.

तिचा विषय होता स्वभाव आणि दर्जा. प्रत्येक चिंपांझीचा स्वभाव वेगळा; त्यातला कोणता स्वभाव वर चढतो? दोन नरांना तिने स्वतःपुरती मराठी नावं दिली होती. धटिंगण फांद्या ओढत, आरडाओरडा करत यायचा, हातातलं अर्धवट टाकून दुसऱ्याच्या मागे धावायचा. नेमस्त आपली पाळी येईपर्यंत थांबायचा, जखमी सोबत्याच्या अंगावरचे केस शांतपणे निवडत बसायचा. कळपाचा मुख्य धटिंगण झाला. पिल्लंही अशांचीच जास्त होतात, असं तिची निरीक्षणं सांगत होती.

"मग वहिनी, नेमस्त अजून जन्माला येतात कसे? एवढ्या पिढ्यांत संपून जायला हवे होते." हा प्रश्न ती लिफ्टमध्ये विचारी, खाली हॉकर सेंटरमध्ये जेवणाच्या रांगेत विचारी. तिच्या सगळ्या फेऱ्या त्या एका प्रश्नाभोवतीच चाललेल्या असत.

तिचा करार संपत आला तेव्हा विभागात एक कायमचं पद निघालं. ते मिळालं तर इथे राहण्याचा, कामाचा पास टिकणार होता आणि प्रश्नावरचं कामही. नाही मिळालं तर दोन्ही सुटणार होतं. दुसरा उमेदवार विभागात तिच्याच खोलीत बसणारा, मोठ्या आवाजाचा एक सहकारी. मुलाखतीची तयारी मी करून घेतली. मी वर्तमानपत्रात असताना मुलाखती घेण्यावरच माझं पोट होतं. "माझ्याकडे बघून उत्तर दे," मी सांगे. ती प्रयत्न करी. दोन वाक्यांनंतर नजर माझ्या खांद्यावर उतरे आणि ती मनगट खाजवू लागे. "अस्वस्थ चिंपांझी असाच खाजवतो," असं वर तीच सांगे.

मुलाखतीहून ती थेट आमच्याकडे आली. चहा घेतला, फेऱ्या सुरू झाल्या.

"काय झालं?"

"उत्तरं सगळी बरोबर दिली. फक्त ती टेबलावरच्या पाण्याच्या भांड्याकडे बघून दिली."

"अगं, आपण एवढा सराव केला होता!"

"विभागप्रमुख आत आले, खुर्चीत मागे रेलले, दोन्ही हात पसरले. मी आपोआप तिरकी झाले, वहिनी. जंगलात त्यानेच तर जीव वाचायचा."

पद सहकाऱ्याला मिळालं. तिला आत्मविश्वास कमी असल्याचं कळवण्यात आलं. "निष्कर्ष पक्का झाला," ती म्हणाली आणि हसली. त्या संध्याकाळी एलआरटी तिच्यासह बराच वेळ फिरत राहिली.

थोड्याच दिवसांत तिने जुन्या जंगलातल्या तळावर काम मिळवलं. हुद्दा खालचा होता, पण कळप तोच होता. "व्हिडिओत फक्त आरडाओरडा करणारे दिसतात," ती म्हणाली. "नेमस्त काय करतो ते बघायचं तर तो बसतो तिथे बसायला हवं." बसायला हवं, हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

चांगी विमानतळावर सामान आत गेल्यावर मी उगाच विचारलं, "त्या नेमस्तने तुझ्याकडे कधी बघितलं होतं का गं?"

"एकदा. पाऊस थांबायची वाट बघत आम्ही एकाच झाडाखाली होतो. त्याने सरळ बघितलं, शांतपणे. ते आव्हान नव्हतं. ओळखीतले एकमेकांकडे बघतात तसं."

"मग तू काय केलंस?"

"खाली बघितलं. सवय."

तिने पाठपिशवी खांद्यावर चढवली आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मनगट खाजवलं नाही, तिरकी झाली नाही, कुठे जायची घाई नसल्यासारखी उभी राहिली.

आधी खाली मी बघितलं.