अकरावा उंबरठा

आमच्या नानांना बऱ्हाणपुरात दोन नावं होती. तोंडावर मधुकर गुरुजी आणि पाठीमागे अर्जमास्तर. दुसरं नाव लहानपणी मला फार झोंबायचं. आता वाटतं, लोकांचं काही चुकत नव्हतं. माणसानं आयुष्यात किती अर्ज लिहावेत, याला काही सुमार? शाळेच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून नाना लिहीत बसायचे, आणि जिथं बाकीचे लोक 'श्री' लिहितात तिथं, कागदाच्या माथ्यावर, लिहायचे : 'घर हा माणसाचा हक्क आहे.' आई म्हणायची, "देवाची जागा तरी सोडा." नाना म्हणायचे, "देवालासुद्धा आधी देऊळ लागतंच ना, मंगला?"

शहराच्या जुन्या तटाजवळची माणसं अजून नानांचं नाव निघालं की हात जोडतात. मी त्यांची लेक, मी जोडत नाही. नाना चांगले होते, पण भित्रे होते. ही सगळी अर्जबाजी म्हणजे एका चुकीची भरपाई होती. ती चूक त्यांच्या हातून चांगुलपणानं घडली, म्हणूनच ती निस्तरता निस्तरेना.

एक्कावन्न सालची शिरगणती. मोजायचं काम मास्तरांच्या गळ्यात, आणि नानांच्या वाट्याला राजघाटावरचा भाग आला. तिथं शहराचा जुना परकोट होता, म्हणजे नदीच्या अंगाची जाड भिंत. तिच्या कमानींत अकरा कुटुंबं राहायची. काही नदीकाठच्या गावांतली, ज्यांच्या झोपड्या पुरात गेल्या होत्या. काही कापसाच्या जिनात आणि केळीच्या मळ्यांत रोजानं जाणारी. समोरून गोणपाट टांगलेलं, आत चूल. पाऊस आला की चूल एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात.

नानांच्या कागदात त्यांच्यासाठी वेगळी नोंद होती : बिनघर. ते लिहायला सहाव्या कमानीशी पोचले तेव्हा आतून रंभाबाई बाहेर आली. दापोऱ्याकडची. नवरा सुकलाल आणि दोन लेकरं झोपडीसकट तापीत गेलेली. ही त्या दिवशी मजुरीला दुसऱ्या गावी होती, म्हणून वाचली.

ती म्हणाली, "गुर्जी, मले बिनघराची नका लिहू. माह्या नवऱ्याचं घर व्हतं, दोन खनाचं. नदीनं नेलं त्याले मी काय करू? बिनघराची म्हटलं का लोक म्हनतात, इचे मेलेले बी भटकत असतीन."

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातली बाई उंबरठा धुऊन त्यावर कुंकवाचं एकेक बोट उठवते आणि एकेका मेलेल्या माणसाचं नाव घेते. त्या नावानं ते माणूस घरी जेवायला येतं, पाण्यानं भरलेल्या घागरीशी टेकतं आणि तृप्त होऊन जातं. उंबरठाच नसेल तर बोट कुठं उठवायचं? बिनघराची ही आमच्या भागात नुसती नोंद नव्हती, शिवी होती. जिवंत माणसालाही आणि मेलेल्यालाही.

नानांना ते सहन झालं नाही. त्यांनी डांबराचा डबा मागवला आणि एकामागून एक अकरा कमानींच्या चिऱ्यांवर आकडे काढले. चारशे बारापासून चारशे बावीसपर्यंत. रंभाबाईचा चारशे सतरा. आणि कागदावर अकरा वेळा लिहिलं : घर. घरी येऊन मोठ्या खुशीत म्हणाले, "मंगला, आज मी अकरा घरं दिली."

"फुकटची, नुसती कागदावरची?" आईनं विचारलं.

आईच्या तोंडून निघालेलं असं काही पुढे खरं व्हायचं. आम्हाला त्याची भीतीच वाटायची.

त्रेपन्न साली बातमी आली की शाहपूरच्या रस्त्याला सरकारी पडीक जागा बेघरांना घरासाठी मिळणार. नाना हरखले. अकरा जणांचा अर्ज केला. दोन महिन्यांनी उत्तर आलं : सदर भागात शिरगणतीप्रमाणे एकही बेघर इसम नाही, सर्व कुटुंबांस घरे आहेत, क्रमांक ४१२ ते ४२२.

नाना तो कागद हातात घेऊन पडवीत बसले. मी चहा ठेवला तो तसाच गार झाला.

मग अर्जांचा सपाटा सुरू झाला. दर सोमवारी अकरा कुटुंबं कचेरीपुढे जाऊन बसायची, पुढे नाना. राज्यघटना झाली, राजेरजवाडे गेले, संस्थानं देशात मिळाली, मग ही अकरा कुटुंबं अजून देशाबाहेर का, असं ते विचारायचे. शिपाईसुद्धा हसायचे. कमानीतला दगा नावाचा हमाल तेवढा म्हणायचा, "गुर्जी, तुमी बोला. हसनाऱ्याले हसू द्या."

या सगळ्यात एक गोष्ट नानांनी दडवली होती. कचेरीतले गिरधरबाबू त्यांच्या ओळखीचे. त्यांनी पहिल्याच वर्षी घरी येऊन सांगितलं होतं, "देखो गुरुजी, असे शंभर अर्ज टाका, फाईल हलणार नाही. रस्ता एकच. लिहून द्या की नोंद मी गलत केली, ती घरं नव्हतीच. मग अकराचे अकरा बेघर मानले जातील. पण नोकरीवर बात येईल. सोचून घ्या."

नानांनी सोचलं. दोन वर्षं सोचत राहिले. तेव्हा त्यांचं मुख्याध्यापक व्हायचं घाटत होतं. माझ्यासाठी खंडव्याचं एक स्थळ आलं होतं, आणि मुलाकडच्यांना मुख्याध्यापकाची मुलगी हवी होती. "निर्मलाचं एकदा होऊन जाऊ दे, मग देतो लिहून," असं ते आईला म्हणत. तोवर बाकीचं सगळं लिहीत. कलेक्टरला, नागपूरला, दिल्लीला. फक्त ती एक ओळ सोडून. त्यांच्या हक्काच्या गोष्टी ऐकल्या की मला हल्ली राग येतो तो यासाठी. हक्क रंभाबाईचा, आणि मुहूर्त माझ्या लग्नाचा.

पंचावन्नची आखाजी. ऊन असं, की अंगणात अनवाणी पाय टेकवेना. आईनं उंबरठा धुतला होता. आजोबा, आजी, माझा गेलेला भाऊ, सगळ्यांची बोटं उठवून झाली होती. नाना घागरीसाठी आंबे आणायला बाजारात गेले होते. तेवढ्यात दारात रंभाबाई. डोईवर पदर, हातात पळसाच्या पानात बांधलेलं कुंकू.

"मास्तरीनबाई, तुमच्या उंबऱ्याच्या कोपऱ्याले माह्ये बी तीन बोटं उठवू द्या. तीनच नावं हायेत. घेते आन् जाते. पानी बी नाही मांगत."

आईचा चेहरा मला आजही दिसतो. ती वाईट बाई नव्हती. पण भाऊ जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि परक्यांचे बुडून मेलेले जीव आपल्या उंबरठ्यावर बोलवायचे म्हणजे ते मग घरातून जातील कशावरून, ही भीती तिच्या डोळ्यांत उतरली. "इथं नको, बाई," एवढंच ती म्हणाली. रंभाबाई हलेना. तिचे ओठ हलत होते, जणू नावं जिभेवर आणून ती थांबली होती. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "निर्मला, दार लोट."

मी लोटलं. मी चौदा वर्षांची होते, काही कुक्कुलं बाळ नव्हते. फटीतून मला पळसाचं पान खाली पडलेलं दिसलं.

नाना आले तेव्हा उंबरठ्याबाहेर कुंकू सांडलेलं होतं. त्यांनी विचारलं, आईनं सांगितलं. ते ताटावर बसले नाहीत. पण लिहूनही दिलं नाही. खंडव्याची मंडळी पुढल्या महिन्यात यायची होती.

भाद्रपदात तीन दिवस पाऊस लागला आणि चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. जुनी भिंत पावसात टिकते, उन्हात दगा देते, असं आमच्याकडचे गवंडी सांगतात. भर दुपारी पाचव्या आणि सहाव्या कमानीवरचा परकोट खाली आला. सगळे कामावर गेले होते. रंभाबाई तापानं आत पडून होती.

नाना शाळेतून तसेच धावले. संध्याकाळी घरी आले ते दगाच्या हातगाडीबरोबर. गाडीवर एक लांब काळा चिरा होता. त्यावर डांबराचा आकडा, ४१७. अक्षर नानांचं, वळणदार, किंचित उजवीकडे झुकलेलं. तो चिरा त्यांनी अंगणात उतरवून घेतला. आईला म्हणाले, "हे मी दिलेलं घर."

त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, त्यांनी ती ओळ लिहिली. 'सदर अकरा घरांची नोंद मी स्वतः खोटी केली आहे. तेथे घरे नव्हती व नाहीत.' माथ्यावर नेहमीचं वाक्य घातलंच. गिरधरबाबूंनी कागद घेतला आणि फाईलला लावला. महिन्याभरात नाना निलंबित झाले. मुख्याध्यापकी गेली, पुढे जसोंडीच्या शाळेत खालच्या पगारावर धाडलं. खंडव्याचं स्थळ मोडलं. त्याचं मला काडीचं दुःख झालं नाही. दुःख याचं, की हे सगळं दोन वर्षं आधी झालं असतं तरी आम्ही असेच जगलो असतो, आणि तीही जगली असती.

नाना बदलले ते तेव्हापासून. दिवेलागणीला काहीही करत असले तरी एकदम उठायचे आणि दार उघडायचे. "कोण आहे?" बाहेर कुणी नसायचं. आई म्हणायची, वारा आहे. नाना दार पुन्हा लावायचे नाहीत. थंडीतसुद्धा आमचं दार उघडं असायचं. शेजारी म्हणायचे, मास्तर कामातून गेला. अंगणातून जाताना मी त्या चिऱ्याला वळसा घालायची. आई तर त्या बाजूला झाडूही फिरवायची नाही. मला खरंच वाटायचं, की आकड्यामागे कुणी बसलं आहे आणि आपली पाळी यायची वाट बघतं आहे.

छप्पन्नच्या नोव्हेंबरात नवं मध्य प्रदेश राज्य झालं. नागपूरच्या फायली भोपाळला निघाल्या. वाटेत आमची हरवणार, अशी आईची खात्री होती. या वेळी मात्र आईचं तोंड खोटं ठरलं. सत्तावन्नच्या फेब्रुवारीत हुकूम आला, हिंदीत : दहा कुटुंबांना शाहपूर रस्त्याला दहा जागा मंजूर. अकरावी रद्द. पुढे एकच शब्द होता, मृतक.

नाना भोपाळला अर्ज करायला बसले. गिरधरबाबू कळवळून म्हणाले, "गुरुजी, मेलेल्या बाईला प्लॉट कशाला?"

"ती बिनघराची मेली," नाना म्हणाले, "म्हणून ती अजून बिनघराचीच आहे. तुमच्या कागदावर संपली असेल."

त्या अर्जाला उत्तर आलं नाही. पण दहा घरं उभी राहिली. मातीच्या भिंती, वर पत्रा, आणि प्रत्येक दाराला बाभळीचा उंबरठा. अकरावी जागा तशीच मोकळी होती. आखाजीच्या आदल्या दिवशी नानांनी आणि दगानं अंगणातला तो चिरा गाडीवर घातला आणि त्या मोकळ्या जागेच्या तोंडाशी, जिथं दार झालं असतं तिथं, जमिनीत बसवला. भिंत नाही, छप्पर नाही. नुसता उंबरठा.

आखाजीला सकाळी आई मला म्हणाली, "चल." तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता आणि कमरेवर कोरी घागर. घरच्या उंबरठ्याचं तिनं अजून काही केलं नव्हतं. आम्ही तिथं पोचलो तेव्हा दहाही दारांशी बायका वाकलेल्या होत्या आणि हळू आवाजात नावं घेत होत्या. वर्षानुवर्षं अडून राहिलेली नावं. आई चिऱ्याशी गुडघ्यांवर बसली. त्यावर पाणी घातलं, पदरानं पुसलं. आकडा पुसला गेला नाही.

तिनं कुंकवात बोट बुडवलं. "सुकलाल," ती म्हणाली आणि पहिलं बोट उठवलं. ते नाव रंभाबाईचा नवरा म्हणून नानांच्या कागदावर होतं. "रंभाबाई." दुसरं बोट. मग तिचा हात तसाच वर थांबला. तिनं मागे वळून नानांकडे पाहिलं.

"लेकरांची नावं काय होती?"

नाना दगाकडे बघायला लागले. दगानं शेजारच्या बाईला विचारलं, तिनं पुढच्या दारात. दहाही घरं फिरून प्रश्न परत आला. कुणालाच माहीत नव्हतं. नानांच्या शिरगणतीत मेलेल्या लेकरांसाठी रकाना नव्हता. कमानीत रंभाबाई नुसतं 'माह्ये लेकरं' म्हणायची.

आईनं नावाशिवाय दोन बोटं उठवली. "या रे बाळांनो," एवढंच ती म्हणाली.

मी मागे उभी होते. ती नावं फक्त एकदाच कुणाच्या तरी कानावर पडायची होती. त्यासाठीच रंभाबाई आमच्या दारी आली होती, आणि दार मी लोटलं होतं.