नानाकाकांनी राखून ठेवलेलं वाक्य

नानाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या घराच्या पायरीपासून भरतीच्या रेषेपर्यंतचं अंतर टेपने मोजत होतो. साडेसहा मीटर. आकडा वहीत लिहिला, मग घरात येऊन बायकोला बातमी सांगितली. ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, निवृत्त शिक्षक. बाराव्याला जो तो म्हणत होता, "तोंडावर बोलणारो माणूस." तिथे मी गप्प राहिलो. इथे राहणार नाही, कारण ते खरं नाही.

तीन वर्षांपूर्वी तोंडवलीच्या किनाऱ्याला बंधारा घालण्याबाबत तालुक्याला सुनावणी होती. आमच्या वाडीच्या वतीने मी बोलायचं ठरलं. समुद्र किती आत आला याची पाच पावसाळ्यांची मापं माझ्याकडे होती. आदल्या संध्याकाळी नानाकाकांकडे जाऊन मी अख्खं भाषण वाचून दाखवलं, चौदा मिनिटं. "काय चुकला तर आत्ताच सांगा," असंही म्हटलं. त्यांनी सुपारी कातरत ऐकलं आणि म्हणाले, "बरा आसा. असाच वाच."

दुसऱ्या दिवशी तसंच वाचलं. चौथ्या आकड्याला मागून आवाज आला, "व्हय म्हाराजा." देवळात गाऱ्हाणं घालताना प्रत्येक वाक्यामागे गाव म्हणतो ना, तसा. आवाज नानाकाकांचा. पुढच्या आकड्यांना सगळा हॉलच म्हणू लागला, आमच्या वाडीचे लोकसुद्धा. माझं संपल्यावर ते उठले. "मोहना, गाराणा झ्याक घातलंस रे. पण मागणा खंय आसा? मागणाच नाय तर देव तरी काय देतलो?" साहेब हसले, "माहिती नोंदवली" म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं. काकांचं म्हणणं बरोबर होतं, हे मी नाकारत नाही. किती मीटर गेले ते मी सांगितलं. बंधारा कुठून कुठपर्यंत हवा, हे एकदाही म्हटलं नाही. मंजूर कामांची यादी आली तेव्हा बंधारा शेजारच्या वाडीपाशी संपत होता. पुढच्या पावसात आमचे अकरा माड गेले.

ते आजारी पडल्यावर मी भेटायला गेलो तो विचारायलाच. "आदल्या दिसा कित्याक नाय सांगलात?"

ते उशीवरून हसले. "तुका आदीच सांगून टाकला असता, तर हॉलात बोलूक माका काय रवला असता?"

मी चहा न घेता उठलो... ती शेवटची भेट.

पुढच्या महिन्यात पुन्हा सुनावणी आहे. परवा बायकोला भाषण वाचून दाखवलं. "बरा झाला," म्हणत ती उठू लागली, तर मी तिला बसवलं. एक तरी चूक सांगितल्याशिवाय मी आता कुणाला उठू देत नाही. ही सवय त्या माणसाने लावली. त्याबद्दलही मला त्यांचे आभार मानायचे नाहीत. तिने जरा विचार केला. "बंधारो कोणाकोणाच्या दारात व्हयो, ता नावा घेवन सांग."

म्हणून ज्याला पाणी जवळ त्याचं नाव आधी, अशी यादी करायला बसलो. पहिलं नाव नानाकाकांचंच घालावं लागलं. त्यांच्या पडवीपासून पाणी चार मीटर. काकी तिथे एकट्या राहतात.