रसवंतीपाशी गाडी सहावर, जीपीएस नव्वदीत

भूत, करणी, भानामती... यातलं मी काही मानत नाही. मानायलाही फुरसत लागते, आणि माझी सगळी फुरसत दुसऱ्यांच्या गाड्यांत गेली. संभाजीनगरात गाड्यांना जीपीएस ट्रॅकर बसवून देणं हा माझा धंदा. एरवी मी रंगवून सांगणारा माणूस आहे, बायको माझ्या प्रत्येक गोष्टीतून निम्मं वजा करते. ही गोष्ट मात्र तिनं अख्खी ऐकून घेतली आणि उठून देवघरातला दिवा लावला. म्हणून इथे लिहितोय.

खलीलभाई शेंद्र्यातल्या एका कंपनीला स्टाफच्या गाड्या पुरवतात. त्यांचा एक ड्रायव्हर सोपान. करमाडच्या पुढे वस्ती, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, याच्या हातात मात्र स्टिअरिंग आलं. दोन मुली शाळेत, कमावणारा हा एकटा. कंपनीचा नियम असा, की ट्रॅकरनं तीनदा जास्त वेग दाखवला की ड्रायव्हर बाद. सोपानचं दोनदा झालं होतं, करमाडकडे गाडी न्यावी लागली त्या दोन्ही वेळी. आणि गंमत बघा, स्टाफमधली पोरं त्याला ‘बैलगाडी’ म्हणून चिडवायची, इतका हा गडी सावकाश चालवायचा.

"काका, बच्चा झूठ नहीं बोलता," खलीलभाई म्हणाले. "पन मशीन भी झूठ कायकू बोलेगी? तुमीच देखो."

मे महिन्यातली दुपार, जालना रोड, एसी नावापुरता. कंबर आधीच संपावर गेलेली. मी सोपानच्या शेजारी बसलो आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये माझं यंत्र खोचलं. त्यातून गाडी स्वतःच सांगते, चाकं किती वेगानं फिरतायत. जीपीएस तोच वेग वरून, उपग्रहांकडून काढतो. दोन्ही आकडे माझ्या फोनवर दिसत होते. दोन्हींत थोडा फरक असतोच. गाडी जराशी फुशारकी मारते, साठला त्रेसष्ट म्हणते. तेवढं चालतं.

शेंद्रा मागे पडेपर्यंत दोन्ही आकडे सख्ख्या भावांसारखे चालले होते. मला झोप यायला लागली. करमाडच्या अलीकडे रस्त्याकडेला एक बंद पडलेली रसवंती आहे – गंजलेला चरक, वर फाटकी ताडपत्री. तिथे सोपाननं गाडी कडेला घेतली, पहिला गिअर टाकला आणि अर्ध्या क्लचवर गाडी रांगायला लागली. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघून गेला.

गाडीचा आकडा सहा.

जीपीएसचा... चाळीस. सत्तर. ब्याण्णव.

मी चष्मा पुसला. नकाशावरचा ठिपका आमच्यासारखाच रांगत होता आणि त्याच्याशेजारी ब्याण्णव. रसवंती मागे पडली आणि आकडा झटकन सहावर आला.

आता मी काय केलं असेल? जे कुठलाही मेकॅनिक करतो तेच – दोष वायरिंगला दिला. दुसरा ट्रॅकर लावला. तेच. वर हाय टेन्शनची तार आहे का बघितलं, नव्हती. स्वतः चालवत साठनं गेलो, तर सगळं सुरळीत, दोन्ही आकडे साठच्या आसपास. परत वळून सोपानसारखा रांगत गेलो, तर पुन्हा नव्वदी. शेवटी वैतागून गाडी लांब उभी केली आणि फोनचाच जीपीएस लावून त्या कडेनं पायी चालत गेलो. पोट सुटलेला, घामानं निथळणारा पन्नाशीचा माणूस, चालतोय ताशी ब्याण्णवनं! कुणी पाहिलं असतं तर फेटा बांधून मिरवणूक काढली असती.

मला मात्र हसू आलं नाही.

झाडाखाली बसून मी सोपानला विचारलं, की बाबा रे, इथेच का हळू करतोस? मग त्यानं सांगितलं. त्याचे वडील काही वर्षांपूर्वी एका सकाळी मेंढरं घेऊन याच जागी रस्ता ओलांडत होते. कुठल्याशा गाडीनं उडवलं, जागीच गेले. गाडी थांबली नाही, कधी सापडलीही नाही. लोक धावत आले तेव्हा मेंढरं त्यांच्याभोवती गोळा होऊन उभी होती. तेव्हापासून त्यांच्या घरातलं कुणीही तिथून जाताना मेंढरांच्या चालीनं जातं. सायकल असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर वऱ्हाडाचा टेम्पो.

मग त्यानं माझ्या फोनकडे बोट केलं.

"साहेब, एक सांगा. त्यात बिरेक मारल्यागत दिसतंय का?"

"म्हणजे?"

"शेवटाला जरा तरी कमी झाला का त्यो? थांबायला बघितलं का त्या गाडीवाल्यानं?"

मी सगळ्या फेऱ्यांचे आकडे पुन्हा पुन्हा वरखाली केले. कुठेतरी ऐंशी सापडावा, पंच्याहत्तर सापडावा... ब्याण्णव, ब्याण्णव, ब्याण्णव, आणि मग थेट आमचा सहा. तिखटमीठ लावण्यात उभी हयात गेली माझी, पण त्या दुपारी एक आकडासुद्धा फिरवता आला नाही.

"नाही," म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि उठून गाडी वळवली.

संध्याकाळी खलीलभाईंना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी दोनदा कानाला हात लावला. गाडीचा स्वतःचा आकडा कंपनी धरत नाही, ट्रॅकरचाच धरते, हे त्यांनाही माहीत होतं. मग त्यांनीच अगदी मायेनं मार्ग काढला. सोपाननं तिथून चारचौघांसारखं साठनं जावं. आकडे जुळतील, नोकरी राहील, पोरींची शाळा राहील. मीही त्याला तेच म्हणालो. काय चूक होतं त्यात?

सोपाननं खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली.

"तिथनं न थांबता जाणारा एक व्हता, भाई. तेवढा बास झाला."

हल्ली तो दुधाचा टेम्पो चालवतो. जुना, खडखडता, ट्रॅकर नसलेला. पगार निम्मा. मी त्याच्यासाठी दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला, पण सगळीकडे ट्रॅकर आहेच... आणि तो बसवणाराही बहुतेक मीच.

ट्रॅकर बनवणाऱ्यांना मी सगळे आकडे पाठवले. त्यांचं उत्तर आलं – सॉफ्टवेअर अपडेट करा. केलं. परवा करमाडकडे जाताना रसवंतीपाशी मी पुन्हा पहिला गिअर टाकला. खरं सांगतो, वेग मला बघायचाच नव्हता. एवढंच बघायचं होतं, की त्या माणसाचा पाय एकदा तरी ब्रेकवर पडतो का.

नाही पडत.