मेव्हण्याच्या रानातली सावड

फेब्रुवारी १९४६. शिवरात्र आठवड्यावर आली होती आणि आमच्या शाळूची काढणी चालली होती. आमच्याकडे शाळूची ज्वारी विळ्याने कापत नाहीत, मुळासकट उपटतात. धाटाला हाताचा वेढा द्यायचा, वाकायचं आणि ओढायचं. दुपारपर्यंत तळहात सोलून निघतात. त्या दिवशी तळहात सोलले होतेच, पण डोकं त्याहून जास्त तापलं होतं. सकाळी गोठ्यातून बाहेर येता येता सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं, की उद्या वडूजचा बाजार आहे, तिथे पलटणीचे भरतीवाले यायचे आहेत आणि मी नातवाला घेऊन जाणार आहे. नातू म्हणजे माझा मुलगा. नुकता अठराव्यात गेलेला.

नवरा हंगामभर सांगलीला गुळाच्या अडतीवर असायचा. त्यामुळे घरात शब्द सासऱ्यांचा.

घरातला एक माणूस आधीच पलटणीत होता, माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो माझा पदर धरून फिरायचा. त्याची आई नव्हती, म्हणून त्याला न्हाऊ-माखू मीच घातलं. लढाई सुरू झाली तेव्हा सासऱ्यांनी त्याला भरतीला नेलं. ते स्वतः पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले. दीर पुढे त्या वर्षीच्या दिवाळीनंतर सुखरूप घरी आला, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. पण त्या फेब्रुवारीत आम्हाला ते ठाऊक नव्हतं.

लढाई चालू होती तेव्हा गावात बहुतेकांचं म्हणणं एकच होतं. आपण इंग्रजांच्या लढाईला हात लावू, लढाई सरली की ते आपलं राज्य आपल्याला देतील. सावडीसारखं. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या रानात. मजुरी नाही, फक्त फेड. आमच्या कोरडवाहू मुलखात मजूर लावायची ऐपत कुणाची नव्हती, सगळी कामं सावडीवरच उरकायची. त्यामुळे इंग्रजाशीही आपली सावडच आहे असं लोकांनी धरलं. आमच्या लोकांची चूक झाली ती इथे. सावड बरोबरीच्यांत असते, आणि समोरच्याला तिचे नियम माहीत असावे लागतात.

लढाई संपायच्या सुमाराला विलायतेत राज्य बदललं. जुना प्रधान पडला आणि मजुरांचे कैवारी म्हणवणारे निवडून आले. माझी सातवी सांगलीत मामांकडे राहून झालेली, म्हणून शाळामास्तरांचा पेपर वाचून झाला की तो माझ्याकडे यायचा आणि मी तो मारुतीच्या मागच्या कट्ट्यावर बायकांना वाचून दाखवायचे. ती बातमी मी घरीही वाचली. सासरे इतके खूश झाले की त्यांनी समोर येईल त्याच्या हातावर गूळ ठेवला.

"गरिबाच्या पोटची माणसं हायती," ते म्हणाले. "त्यास्नी आपलं दुखणं कळंल. आता धोरण बदलंल बघ."

मलाही तसंच वाटलं होतं. जपान शरण आला तेव्हा मी दिराची खोली सारवून ठेवली, त्याची घोंगडी उन्हात घातली. दसरा गेला, दिवाळी गेली. मग पेपरात आलं, की आमच्या पलटणी जावा बेटावर नेल्या आहेत. तिथे डचांचं राज्य होतं. लढाईत जपान्यांनी डचांना हाकललं, जपानी हरल्यावर तिथल्या लोकांनी आपलं राज्य आपणच जाहीर केलं. ते मोडून डचांची गादी त्यांना परत मिळेपर्यंत बंदोबस्त ठेवायला कोण? तर आमच्या साताऱ्याकडची पोरं. आणि ती पाठवली कुणी? त्याच गरिबाच्या पोटच्यांनी.

पेपर खोटं लिहितो, असं सासरे म्हणाले. पण जानेवारीत शेजारच्या घरचा नाईक परत आला. तो दिराच्याच पलटणीत नाईकाच्या हुद्द्यावर होता. डावा हात कोपराखाली तोडलेला.

त्याची बायको आमच्या सावडीला होती. काढणीचे सगळे दिवस ती माझ्या शेजारची पात, म्हणजे कामाची ओळ, धरून होती. त्या दिवशी दुपारी तो तिची भाकरी घेऊन रानात आला आणि आम्ही सगळे लिंबाखाली जेवायला बसलो. सासरे, माझा मुलगा, मी, ती दोघं. मुलाने उद्याच्या भरतीचा विषय काढलाच.

"काका, बूट पहिल्याच दिवशी देत्यात का?"

"देत्यात की," नाईक म्हणाला. "दोन देत्यात. हात मात्र एकच परत देत्यात."

त्याची बायको म्हणाली, "असलं काय बोलताय जेवताना!"

"मग कवा बोलू? पोरगं उद्या चाललंय." त्याने माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं. "आबा, तुमी बसऱ्याला गेला तवा समोर दुश्मन तरी हुता. आमी ब्रह्मदेशात जपान्याशी लढलो, त्येचं काय वाटत न्हाई. पर जाव्यात सायबानं काय केलं ठावं हाय? त्याच जपान्यांस्नी बंदुका दिल्या आन् आमच्या शेजारी पहाऱ्याला हुबं केलं. आन् समोर कोण? धोतरासारखं कापड कमरंला गुंडाळल्याली, आपल्यावाणीच काळी माणसं. शेतकरी. हातात भाले, दोघा-चौघांकडं बंदुका. एकानं वरडून इचारलं, तुमच्या देशाला राज्य न्हाई, मग आमचं कशापायी मोडताय? आमच्यातल्या एकानं त्येचं हिंदुस्तानीत करून सांगितलं."

"मग काय केलंस?" मुलाने विचारलं.

"गोळी झाडली. हुकूम हुता." त्याने डावं कोपर वर केलं. "त्येनीबी झाडली."

सासऱ्यांनी तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाले, "नवं सरकार हाय, सहा-सात म्हैने झालं त्याला. नवा बैल जोडला की पहिली पाळी वाकडीच जाती."

मी घास खाली ठेवला. "वाकडी जाती, मामंजी. पर दुसऱ्याच्या रानात न्हाई जात."

"आगं, पण राज्याचं काम म्हंजी..."

"राज्याचं काम घरासारखंच असतंय. नवी सून चुलीपाशी बसली तर पहिलं काय करती? जुनी राख काढती. ह्यांनी राख तशीच ठिवली आन् वर जाळ केला. जुन्या प्रधानानं पोरं नेली, नव्यानं ती परत पाठवायची सोडून म्होरं ढकलली. मग बदललं काय? खुर्चीवरचं बूड?"

नाईकाची बायको तोंडाला पदर लावून हसली. मुलगा मात्र चिडला.

"आये, तुला काय कळतंय त्यातलं? मी काय जन्मभर कुळवच हाणू?"

"सांगलीला जा बापाकडं. गुळाच्या ढेपा उचल."

"ढेपांस्नी कोण सलाम ठोकतंय?"

"ढेपा कुणाला मारतबी न्हाईत."

माझं भांडण बंदुकीशी नव्हतं, हे इथे सांगायला हवं. पुढे राज्य आपलं झालं तेव्हा हाच मुलगा पलटणीत गेला आणि मीच त्याला ओवाळून गाडीत बसवला. आज लिहिते आहे तेव्हाही तो तिकडेच आहे. पण त्या दिवशी तो गेला असता तर कुणाचं घर राखायला? विलायतेच्या मित्राने चोरलेलं. मला कुणी विचारणार नव्हतं, म्हणून इथे लिहून ठेवते. एवढ्या मोठ्या राज्याची सूत्रं नव्या माणसांच्या हाती आली, तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, की उसने आणलेले शिपाई ज्याच्या-त्याच्या घरी जातील. दुसऱ्याच्या मुलखातून आम्ही निघतो आणि आमच्या दोस्तांनाही निघायला सांगतो. डच रुसले तर रुसू देत. घरी मजुरांना न्याय आणि दर्यापार जुनाच दंडुका, हे धोरण नव्हे. घरात गाय आणि बाहेर वाघ, असल्या माणसाला आमच्याकडे सोयरिकीला कुणी विचारत नाही.

सासरे उठले. "म्या भरतीच्या जमादाराला शब्द दिलाय. उद्या पोरगं घेऊन येतो म्हणून. घरातनं शब्द गेला की गेला."

"आन् सावडीचा शब्द?" मी विचारलं.

ते थांबले.

"उद्या ह्यांच्या रानात काढणी हाय. ही बया इतकं दिस आपल्या रानात राबली. हिच्या दाल्ल्याला एक हात. आपल्या घरातनं फेडीला पुरुष माणूस जायचा हाय."

सासऱ्यांचा चेहरा पडला. बाजाराचा दिवस त्यांनी धरला होता, सावडीचा विसरले होते. सावड चुकवली तर पुढच्या हंगामाला त्या घराच्या बांधावर कुणी पाय ठेवत नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं.

"एक रोजगारी लावू," ते म्हणाले.

"सावडीला रोजगारी चालत न्हाई. घरचंच माणूस लागतंय."

"मग तू जा."

"मी जाणारच हाय. पर मामंजी, मी नवी नवरी हुते तवाचं आठवतंय का? तुमी मला वरच्या आळीच्या घरी सावडीला धाडलं हुतं. त्या बाबानं सकाळी मला त्याच्या रानात राबवलं आन् दुपारी त्याच्या मेव्हण्याच्या रानात नेऊन सोडलं. मी नवी, मला काय ठावं? गुमान शेंगा उपटत बसले. कुणीतरी तुमास्नी सांगितलं. तुमी अनवाणी आला. सगळ्यांदेखत माझा हात न धरता नुसतं म्हणाला, पोरी, ऊठ. आन् त्या बाबाला काय म्हणाला?"

नाईकाच्या बायकोला गोष्ट माहीत होती, साऱ्या गावाला होती. तीच म्हणाली, "माझी सून तुझ्या रानापुरती दिलीया, तुझ्या मेव्हण्याच्या रानात राबायला न्हाई."

"व्हय," मी म्हणाले. "आन् त्या घराची सावड तुमी कायमची तोडली. मग आता भाऊजींस्नी इंग्रजानं कुणाच्या रानात नेऊन सोडलंय? डच म्हंजी इंग्रजाचा मेव्हणाच की न्हाई? सुनंसाठी अनवाणी धावला, पोरासाठी काय करताय? दुसरं पोरगं न्हेऊन देताय."

हे बोलताना माझा आवाज चढला होता. शेजारच्या रानातल्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या. मला त्याची लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही. त्या माणसाने माझ्यासाठी एकदा जे केलं होतं त्याने मी त्या घरात रुजले होते, म्हणूनच राग इतका होता. लहान अन्याय त्यांना लगेच दिसला. तोच विलायतेएवढा मोठा झाल्यावर दिसेना, त्यावर बूट, बिल्ले आणि बँड चढवले की ते उभे राहून सलाम ठोकत.

सासऱ्यांनी तंबाखू तशीच खाली टाकली. मुलाकडे न बघता म्हणाले, "उद्या सावडीला जायचं."

"आबा!" मुलगा ओरडला. "तुमीच म्हणला हुता..."

"म्हणलो हुतो. आता हे म्हणतोय."

मुलगा ताटली लाथाडून बैलांकडे निघून गेला. जाऊ दिला. राग आला की बैल चांगले घासतो तो.

मग सासरे माझ्याकडे वळले. "पर शब्द तोंडानं दिलाय. मोडायचा तर तोंडानंच मोडावा लागतोय, घरी लपून न्हाई. म्या ह्या वयात त्या जमादाराम्होरं जाऊन मान खाली घालायची व्हय?"

"मान कशाला खाली? मी जाते."

"बाईमाणूस? भरतीत?"

"शब्द घराचा हाय. मी घरचीच हाय."

ते पटका आवळत पातीकडे वळले. आम्ही पुन्हा पाती धरल्या आणि सूर्य बुडेपर्यंत उपटत राहिलो. नाईक पेंढ्यांवर गुडघा रोवून एका हाताने त्यांच्या बांधणीचे आळे आवळत होता. मुलगा दिवस मावळताना आला आणि न बोलता त्याच्यासमोर बसून पेंढीचं दुसरं टोक धरू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी भाकरी थापल्या, मुलाची त्याच्या हातात दिली आणि त्याला शेजाऱ्यांच्या रानाकडे जाताना नीट बघून घेतलं. मग वडूजची वाट धरली, दोन कोस. बाजार अजून भरायचा होता. झाडाखाली टेबल टाकून भरतीचा जमादार बसला होता, समोर पोरांची रांग. मी रांगेत उभी राहिले. पोरं हसली, मी हटले नाही. माझी पाळी आली तेव्हा जमादार म्हणाला, "बाई, इथं पुरुषांची भरती हाय."

"ठावं हाय. आमच्या सासऱ्यांनी तुमास्नी शब्द दिला हुता, नातू आणतो म्हणून. तो शब्द परत घ्यायला आलेय. आमचं एक माणूस तुमी आधीच न्हेलंय आन् ते दुसऱ्याच्या रानात राबवताय. ते परत द्या. तवर ह्या घरातनं दुसरं मिळायचं न्हाई."

"हे मला सांगून काय हुणार? मी का विलायतेचा प्रधान हाय?"

"तुमच्या सायबाला सांगा. तो त्याच्या सायबाला सांगंल. वर जिथवर जाईल तिथवर जाऊ द्या."

त्याने माझ्या सोललेल्या तळहातांकडे एकदा बघितलं. मी मागच्या पोराला वाट दिली, बाजारात पहिल्याच पालावर मीठ घेतलं आणि झपाट्याने परत निघाले. शेजाऱ्यांच्या रानात माझी पात रिकामी होती आणि ऊन चढायच्या आत मला ती धरायची होती.