मनगटाला मनगट

त्याने साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. सावकाश. मी बाजूलाच उभी होते, बाटलीत पाणी भरायला.

थोड्या वेळापूर्वी त्याच हातांवर माझे हात आपटत होते. शाओलिन कुंग फूमध्ये हा सराव जोडीने करतात. मनगटाला मनगट. हाडं कणखर होतात म्हणे. तो पुण्याचा. माझ्याच कंपनीत वरच्या हुद्द्यावर. जर्मनीत, रेगेन्सबर्गला नवीन आले तेव्हा या क्लासला त्यानेच आणलं. "अगं, सर काय म्हणतेस? दादा म्हण." मी दादा म्हणायचे.

त्या दिवशी सराव संपताना त्याने सहज विचारलं, "तुमच्याकडे गणपती दीड दिवसाचा की पाच?"

"आमच्याकडे नसतो. आम्ही बौद्ध."

"म्हणजे इथे येऊन झालीस?"

"नाही. आजोबांपासून."

"अच्छा," म्हणाला. आणि बेसिनकडे गेला.

माझं आडनाव गावावरून आहे. त्यावरून त्याला कळलं नव्हतं, इतकंच.

हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे. दर गुरुवारी तो तिच्यापुढे वाकायचा. बोधिधर्म आपल्या भारतातून चीनला गेला, हे जर्मन पोरांना छाती फुगवून सांगायचा. बुद्ध चालतो. बौद्ध चालत नाही.

पुढच्या गुरुवारी शिफूंनी, म्हणजे आमच्या जर्मन गुरूंनी, मला एकटीला वाळूच्या पोत्यासमोर उभं केलं.

"तो म्हणाला, तुमच्या संस्कृतीत परक्या बाईला हात लावत नाहीत. मला त्याचा मान राखायचाय."

मी वळून पाहिलं. तो क्लासमधल्याच आनिकाबरोबर सराव करत होता. आनिकाही बाईच.

मी पोत्यावर हात आपटत राहिले. कितीतरी गुरुवार. ऑफिसच्या कँटीनमध्ये मी गेले की मराठी टेबल गप्प व्हायचं. शनिवारच्या जेवणाची बोलावणी थांबली. कुणी काही बोलत नव्हतं. त्याचीच भीती वाटायची.

एकदा मी बुटांची नाडी बांधत असताना तो शेजारी येऊन बसला.

"प्रोबेत्साइट कधी संपते गं तुझी?"

"अजून दोन महिने आहेत."

"जपून राहा. इथे सगळे एकमेकांना ओळखतात."

हसला. प्रोबेशनमध्ये कारण न देता काढता येतं, आणि माझा व्हिसा त्या नोकरीवर होता. त्याला ते माहीत होतं.

शिफू म्हणायचे, कडू खायला शिका. घोड्याच्या बैठकीत, गुडघे वाकवून, मांड्या पेटेपर्यंत उभं करायचे आणि तेच म्हणायचे. त्रास गिळला की माणूस घडतो. अशीच उभी असताना एकदा आई आठवली. आई शाळेत शिक्षिका होती. स्टाफरूममध्ये तिचा कप वेगळा, खिडकीत ठेवलेला. रिटायर होईपर्यंत ती त्यातच चहा प्यायली. कडू आमच्या घरात खाऊन झालंय. त्याने आई घडली नाही. समोरच्यांना सवय लागली, एवढंच.

त्याच दिवशी जोड्या लावायची वेळ झाली. मी पोत्याकडे गेले नाही. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. हात पुढे केला.

तो मागे सरकला.

"हे बघ," शिफू म्हणाले, "शांत हो."

मी शांतच होते. मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, "ही संस्कृती नाही. आनिकाला तो हात लावतो. मला लावत नाही, कारण मी कुठल्या घरात जन्मले ते त्याला कळलं. याला जात म्हणतात."

आनिकाने हात खाली घेतले. तो बुद्धाच्या मूर्तीकडे बघत राहिला. माझ्याकडे नाही.

शिफूंनी त्याला काहीच विचारलं नाही. मला म्हणाले, "असले विषय बाहेर. बुटांपाशी ठेवून यायचे."

"मग मी पण बुटांपाशीच थांबू का?"

मी हॉल सोडला नाही. क्लास संपेपर्यंत जोडीशिवाय उभी राहिले.

आज ऑफिसातून मेल आली. सोमवारी बोलायचंय, विषय, टीममधलं जुळवून घेणं. मीटिंगला तोही असणार आहे.

नोकरी जाईल बहुतेक. सोमवारी जात हा शब्द मी त्याच्या तोंडावर, त्याचं नाव घेऊन उच्चारणार आहे. आधी जर्मनमध्ये. मग मराठीत. आणि दादा म्हणणार नाही.