सादळलेल्या लाह्यांचा हार

कढईत जोंधळा तडतडून फुलायला लागला, की त्या खरपूस वासाबरोबर मला लढाईच्या दिवसांतली, साताऱ्यातली ती संक्रांत आठवते. थोरल्या वहिनीची लग्नानंतरची पहिलीच संक्रांत होती आणि सांगलीहून तिची आई हळदीकुंकवाला येणार होती. नव्या सुनेला काळ्या लुगड्यावर हलव्याचे दागिने घालायची रीत, पण साखर तर रेशनवर. "औंदा हलवा न्हाई व्हायचा," आई म्हणाली, आणि वहिनीनं काढून ठेवलेलं काळं लुगडं पुन्हा पेटीत ठेवलं. मला राहवेना. लाह्याही हलव्यासारख्याच पांढऱ्याशुभ्र, म्हणून त्या ओवायला बसले, तर सुई लागताच प्रत्येक लाहीचा चुरा! वैतागून उठले, ती डब्याचं झाकण लावायचंच विसरले. सकाळी आई कडाडली, "साऱ्या लाह्या सादळवल्यास की गं!" मी मऊ पडलेल्या एका लाहीत सुई खुपसली, तर ती अलगद आरपार गेली. मग काय, वहिनीला जोडीला घेतलं आणि हार, बाजूबंद, बांगड्या, सगळं ओवून, मधेमधे लवंगा गुंफून, उन्हात पुन्हा कडक वाळवलं. हळदीकुंकवाला वहिनी अशी झळकली, की तिची आई बघतच राहिली. "आवं विहीणबाई, एवढी साखर आणलीत तरी कुठनं?" "साखर कसली," आई ताठ मानेनं म्हणाली, "आमच्या पोरीनं सादळलेल्या लाह्या ओवल्यात!" परवा माझ्या नातसुनेची पहिली संक्रांत आहे, आणि लाह्यांच्या डब्याचं झाकण आज मी मुद्दाम उघडं ठेवलंय.